पान अकरा आणि बाराच्या मध्ये

पगारे बाई, पुस्तकाची दुसरी आवृत्ती सोमवारी मशीनवर चढते आहे आणि पान अकरानंतर काय छापायचं, हे तुम्ही सांगून गेला नाहीत.

तुमच्यावर लिहा असं सांगण्यात आलं, तेव्हा जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार अशी चौकट आपोआप समोर आली. वर्तमानपत्राच्या टेबलावर अशा चौकटी पुष्कळ भरल्या. तुमची भरत नाही. त्या चौकटीत घालायची माहिती तुमच्या मुलीने, संघमित्राने, पाठवली आहे. ती बरोबर आहे. तिच्यात तुम्ही कुठेच दिसत नाही.

एवढंच नोंदवतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी पुस्तकं लिहायला घेतलीत. राजा-राणी नाही, ससा-कासव नाही. ग्रामपंचायत, घंटागाडी, पाण्याची टाकी, वॉर्ड, ग्रामसभा. सोळा पानं, पानाला दोन-तीन ओळी, मोठी अक्षरं, वर चित्र. चित्रं अविनाश काढायचा. संपादन माझ्याकडे होतं.

पहिल्या भेटीत तुम्ही चष्म्यावरून बघत विचारलंत, "पेपरवाले का? म्हणजे लहान वाक्यं येत असतील."

"येतात."

"खरी पण येतात का?"

तिथून सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तुमची कामाची एक रीत होती. पुस्तक छापण्याआधी त्याची कच्ची प्रत घेऊन शाळेत जायचं आणि मुलाला मोठ्याने वाचायला लावायचं. आपण त्याच्या समोर बसायचं नाही, मागे बसायचं. समोर बसलं की मूल पुस्तक वाचत नाही, बाईंचा चेहरा वाचतं, असं तुम्ही म्हणायचात. मागे बसून तुम्ही ऐकायचात. ज्या शब्दापाशी मूल श्वास घेतं, त्याखाली पेन्सिलीची रेघ. दोन-तीन मुलं एकाच ठिकाणी थांबली की तो शब्द गेला, मग तो कितीही आवडता असो. 'नागरिक' हा शब्द असाच गेला. मी भांडलो. तुम्ही म्हणालात, "शब्द जाऊ द्या हो, नागरिक राहू द्या."

हे वाक्य मी लगेच लिहून घ्यायला गेलो, तर तुम्ही चिडलात. "भाषण नाही करत मी. पुढचं पान काढा."

खरं भांडण 'चिमीचा दिवा' या पुस्तकावर झालं. गोष्ट साधी होती. चिमीच्या गल्लीतला दिवा बंद आहे. ती आजीला सांगते, शेजाऱ्यांना सांगते, मग आईच्या फोनवरून कार्यालयाला फोन लावते. पान अकरावर कार्यालयातला माणूस म्हणतो, "नोंद केली. माणूस पाठवतो." पान उलटलं की पान बारावर शिडी घेऊन माणूस आलेला. दिवा लागतो. गल्ली टाळ्या वाजवते.

मी म्हणालो, "असं होत नाही."

"काय होत नाही?"

"पान उलटलं की माणूस येत नाही. ग्रामसभा बोलावली तर पुरेशी माणसं नाहीत म्हणून तहकूब होते. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये असतात. तक्रार केली तर ती तुमच्या हद्दीत येत नाही. मी वीस वर्षं याच्याच बातम्या केल्या."

"मग सहा वर्षांच्या पोराला तहकुबी शिकवायची?"

"खरं शिकवायचं."

"खरं त्याला घरीच कळतं. त्याचा बाप रोज सांगतो, काही होत नसतं म्हणून. ते शिकवायला सोळा पानं कशाला वाया घालवू? मी त्याला फोन लावायला शिकवते आहे. माणूस येतो असं वाटलं तरच पोर फोन लावेल."

अविनाश मध्ये बसून चहा पीत होता. तो म्हणाला, "मी शिडी काढली आहे. आता शिडी पुसायला सांगू नका." शिडी राहिली. पान बारा राहिलं.

दुसरा वाद पान दहाचा. फोनवर काय बोलायचं, ते चिमी त्या पानावर शिकते. तुमच्या मूळ मजकुरात चार ओळी होत्या: माझं नाव, माझी गल्ली, माझं गाव, काय बिघडलं. वाचून घेताना मुलं चौथ्या ओळीला पोहोचेपर्यंत पहिली विसरायची. तुम्ही गावाची ओळ काढलीत. मी हरकत घेतली. बातमी गावाच्या नावाने सुरू होते, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तुम्ही म्हणालात, "गावातलं पोर गावातल्या कार्यालयाला फोन करणार. ते काय दिल्लीला लावणार आहे? तीन ओळी डोक्यात राहतात, चार राहत नाहीत." मुलांवर करून बघितलं. तीन राहिल्या. 

पान नऊवर अविनाशने कार्यालयाचं चित्र काढलं. खरं दिसावं म्हणून दारावर पाटी काढली, पाटीवर तक्रारीसाठी म्हणून एक मोबाईल नंबर लिहिला. मनाने लिहिला. आपण सगळे शब्द वाचत होतो. चित्र कोणी वाचलं नाही.

मुलांनी वाचलं.

पुस्तक शाळांमध्ये गेलं आणि काही आठवड्यांनी प्रकाशकांना लासलगावहून फोन आला. तो नंबर तिथल्या एका कांदा व्यापाऱ्याचा निघाला. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो. फोनवर ते जे बोलले, त्यातलं छापण्यासारखं एवढंच, की पोलिसांत जाणार. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्यायचं नाही. आपणच जाऊ आणि माफी मागू." रविवार होता. बाजार समिती बंद, आप्पा घरी.

ओट्यावर बसलेल्या आप्पांनी आपल्याला बघून हात जोडले. "या, या. सरकार आलं."

तुम्ही माफी मागितलीत. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना सांगायचं होतं.

"बाई, मी लिलावात उभा असतो. एका हातात कांदा, एका हातात फोन. भाव बोलनार तेवढ्यात पोरगं म्हनतं, माझं नाव अमुक, आमचं गटार तुंबलंय. आता मी भाव बोलू का गटार काढू? लोकं हसत्यात. मला आता समितीत सगळे नगरसेवक म्हनत्यात."

तुम्हाला हसू आवरलं नाही. ते आणखी चिडले. त्यांच्या घरातून चहा आला. तुम्ही कप उचललात.

"आन् एक पोरगी हाय," आप्पा म्हणाले, "तिनं तर पिच्छाच पुरवला. दिव्याच्या खांबाची पेटी उघडी हाय, वायरी लोंबत्यात, खांबाला हात लावला की झिणझिण्या येत्यात. रोज फोन. मी काय वायरमन हाय का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हटलं, नोंद केली, पाठवतो माणूस. तवा कुठं गप बसली."

तुम्ही कप खाली ठेवलात. बशीत चहा सांडला, तिकडे बघितलंही नाहीत.

आप्पांनी पुस्तक पाहिलं नव्हतं. पान अकरावर काय आहे, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. लिलावातून सुटायला माणूस जे सहज बोलतो, ते ते बोलले होते. ते शब्द त्या मुलीने आधी वाचलेले होते. तिच्यासाठी पुस्तक खरं ठरलं होतं.

"हे कधी झालं?"

"झाले की चार-पाच दिवस. मग परत लावला तिनं. तवा तो नंबरच बंद करून टाकला माझ्याकडून."

"गाव कुठलं?"

"गाव नाय सांगितलं. नाव सांगितलं, कावेरी. मारुतीच्या देवळामागची गल्ली. काय बिघडलं ते सांगितलं. बास."

नाव, गल्ली, काय बिघडलं. तिने पान दहा जसंच्या तसं म्हटलं होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मारुतीचं देऊळ नाही असं गाव नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही.

त्या दुपारी मला तुमची जी ओळख झाली, ती आधीच्या वर्षांत झाली नव्हती. तुम्ही कोणाला दोष दिला नाहीत, स्वतःलाही नाही. आप्पांना म्हणालात, "तो बंद केलेला नंबर चालू करा आणि लावा." त्यांनी लावला. फोन बंद. पुन्हा. बंद. आईचा फोन असणार, आई कामावर असणार, एवढाच अंदाज. मग तुम्ही शिक्षकांच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकलात. वर्गात हजेरी घेण्याच्या आवाजात: "ज्यांच्या शाळेत 'चिमीचा दिवा' गेलं आहे, त्यांनी सांगा. पहिली ते तिसरीत कावेरी नावाची मुलगी आहे का? घर मारुतीच्या देवळामागे. आत्ता सांगा. जेवण झाल्यावर नाही."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. ओल्या खांबाचा विचार ओट्यावरच्या प्रत्येकाच्या मनात होता. 

पहिलं उत्तर सटाण्याकडच्या शिक्षकांचं. "बाई, आठे कावेरी शे, पन तिनं घर मळामा शे." मळ्यात राहणाऱ्या मुलीच्या घराला गल्ली नसते. ती नाही. पेठकडच्या एका बाईंनी सांगितलं, त्यांची कावेरी आईवडिलांबरोबर कामासाठी बाहेरगावी गेली आहे, घराला कुलूप. तीही नाही. मग सिन्नरच्या पुढच्या एका गावातल्या सरांचा फोन आला. गावाचं नाव लिहीत नाही. औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं गाव. कावेरी दुसरीत आहे. आई कारखान्यात जाते. घर मारुतीमागेच.

"सर, तुम्ही आत्ता तिच्या घरी जा."

"बाई, मी नाशिकला आहे."

"का?"

"राहतो ना नाशिकला. अप-डाउन करतो."

"बरोबर. शाळा तिकडे, मास्तर इकडे. मग सरपंचांना लावा, ग्रामसेवकांना लावा, शेजारच्या कोणाला तरी लावा."

सरपंच लग्नाला गेलेले. ग्रामसेवकांचा फोन रविवारचा बंद. सरांकडे गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर नव्हता. कावेरीच्या आईचा होता. तो बंदच होता.

आप्पा उठले. आत जाऊन शर्ट बदलून आले आणि गाडीची किल्ली घेतली. "चला."

"तुम्ही कशाला?" तुम्ही म्हणालात.

"पाठवतो म्हटलंय ना मी मानूस."

निफाडवरून गेलो. निफाडच्या पुढे पाऊस लागला. वाटेत तुम्ही पुढच्या सीटवर बसून एकामागून एक फोन लावत होतात: वीज कंपनीचं केंद्र, पंचायत समितीतले ओळखीचे एक निवृत्त कारकून, त्यांनी दिलेला आणखी कोणाचा तरी नंबर. प्रत्येकाला गावाचं नाव सगळ्यात आधी सांगत होतात. मी मागे बसून ते ऐकत होतो. रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर आडवे येत होते आणि आप्पा ओळखीच्या माणसांना शिव्या देत पुढे काढत होते. काही झालेलं असेल तर, हे वाक्य गाडीत कोणी पूर्ण केलं नाही.

गावात शिरलो तेव्हा संध्याकाळ होत होती, पाऊस थांबला होता. देवळामागे वळलो. खांब दिसला. पेटीचं झाकण एका बिजागरीवर लटकत होतं. आतल्या वायरी बाहेर. खांबाभोवती बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या आणि त्यांच्या अलीकडे, पायरीवर, शाळेच्या गणवेशाचा फ्रॉक घातलेली एक मुलगी बसली होती. ती शाबूत होती. तुम्ही दार उघडून उतरलात आणि तिथेच थांबलात. एक हात गाडीच्या दारावरच होता. तेवढं मी पाहिलं.

एक लहान मुलगा चेंडू घेऊन खांबाकडे धावला. मुलगी ओरडली, "ए, तिकडून! तिकडून जा म्हटलं ना!"

आप्पा पुढे झाले. "तू कावेरी का गं?"

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. आवाज ओळखला. "तुम्हीच ना फोनवरचे?"

"हो."

"मग माणूस कुठंय?"



गल्लीतली माणसं जमली. तुम्ही त्यांना विचारलंत, "एवढ्या दिवसांत कोणी काही केलं कसं नाही?" एक मध्यम वयाचे गृहस्थ म्हणाले, "आमी जानारच व्हतो पंचायतीत. पन पोरीनं सांगितलं, नोंद झाली, मानूस येतोय. मंग थांबलो. उगं कशाला परत परत?" एक म्हातारी म्हणाली, सकाळी तिथे कुत्रं मेलं, ओढून टाकलं. माणूस येणार म्हणून पोरगी शाळेतून आली की इथेच बसते, फांद्याही तिनेच आजोबांकडून टाकून घेतल्या.

म्हणजे असं झालं होतं. पुस्तकावर विश्वास ठेवून मुलीने फोन केला. आप्पांच्या शब्दावर विश्वास ठेवून गल्ली गप्प बसली. पुस्तक नसतं तर कदाचित लोक चिडून पंचायतीवर गेले असते. पुस्तक नसतं तर कदाचित त्या खांबाकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. दोन्ही शक्य आहे. यातलं कोणतं खरं, हे ठरवायला माझ्याकडे पुरावा नाही. तेव्हाही नव्हता.

तुम्ही वाटेत लावलेल्या फोनांपैकी एकामुळे शेजारच्या गावातला लाइनमन आला. तुम्ही सांगितलंत, आधी पूर्ण गल्लीची वीज बंद करा. तो म्हणाला, एवढी गरज नाही, झाकण बांधून टाकतो. तुम्ही खांबाच्या अलीकडे, फांद्यांना पाठ लावून उभ्या राहिलात आणि हललाच नाहीत. त्याने वीज बंद केली. घरातल्या टीव्हींचे आवाज एकदम थांबले. आतून कोणीतरी म्हणालं, "आता सिरियल बुडाली. कुठनं आल्या या बाई?" कावेरीने त्या आवाजाच्या दिशेने उत्तर दिलं, "मी बोलावल्यात."

परतीच्या वाटेला लागलो. मग मी म्हणालो, "चौथी ओळ परत घालावी लागेल." हे बोलायची ती वेळ नव्हती, आता वाटतं. पण वेळ बघून बोलणं आपल्या दोघांनाही जमत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "घाला."

"आणि पान बारा?"

"पान बाराला काय झालं? पुस्तकात खोट नाही. फोन उचलणाऱ्यात खोट होती."

स्टिअरिंगवरून आप्पा म्हणाले, "म्हंजे मी का?"

"हो. तुम्हीच."

"बरं," आप्पा म्हणाले आणि सिन्नरच्या चौकात भज्यांसाठी गाडी थांबवली.

त्या भज्यांवर एक व्यवस्था ठरली. वाटलेली पुस्तकं परत घेता येणार नव्हती. मुलं फोन करत राहणार होती. आप्पांनी एवढंच करायचं: मुलाला गावाचं नाव विचारायचं आणि तुम्हाला कळवायचं. पुढचं तुम्ही बघणार. आप्पा म्हणाले, "लिलावाच्या टायमाला नाय जमायचं." तुम्ही म्हणालात, "मग लिलावानंतर." त्यानंतर तुमच्या घरी आलो की तुम्ही कोणाशी तरी फोनवर बोलत असायचात. कधी हातपंपाची साखळी, कधी शाळेमागचा कचरा. कधी काम व्हायचं. बऱ्याचदा व्हायचं नाही. तुम्ही परत लावायचात. मी सांगायचो, हे आपलं काम नाही, पुस्तक छापलं की आपलं काम संपतं. तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवावा तसा मोबाईलवर हात ठेवून म्हणायचात, "जरा गप्प बसा, लागलाय."

दुसऱ्या आवृत्तीची बोलणी सुरू झाली आणि तुमची तब्येत बिघडली. दवाखान्यात मी कच्ची प्रत घेऊन आलो. अविनाशच्या पाटीवरचा नंबर काढून तिथे रिकामी चौकट ठेवली होती, ज्या त्या शाळेतल्या शिक्षकांनी आपल्या गावचा नंबर भरावा म्हणून. तुम्हाला तिथे तुमचा नंबर हवा होता. मी नाही म्हणालो. तुम्ही वाद घातला नाहीत, आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वाद पान बारावर घातलात. मी म्हणालो, मध्ये एक पान घालू. माणूस येत नाही असं एक पान.

"माणूस येत नाही असं छापलं, तर पोर फोनच लावणार नाही."

"येतो असं छापलं, तर पोर वाट बघत बसतं. खांबापाशी."

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. झोप लागली असं वाटलं. मग म्हणालात, "सोळाच पानं आहेत, पेपरवाले. नवं घालायचं तर जुनं कोणतं काढायचं, ते सांगा. मग बघू."

मी म्हणालो, उद्या सांगतो. उत्तर तयार नव्हतं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आप्पा लासलगावहून आले. वंदना संपेपर्यंत मागे उभे होते. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "बाई गेल्या. आता पोराचा फोन आला तर कोनाला सांगू?" मी म्हणालो, बघू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते 'बघू' मलाही ऐकू गेलं.

बाई, मी पान काढलं आहे. शेवटचं, सोळावं. 'लेखिकेविषयी'. त्यावर तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी होती आणि पंचवटीतल्या स्टुडिओत काढलेला तो निळ्या साडीतला फोटो होता. तुम्हाला हे चाललं असतं, असं म्हणणार नाही. तो फोटो तुम्हाला आवडत होता. तो छापून आला तेव्हा तुम्ही घरातल्या प्रत्येकाला एक प्रत दिली होती. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच आवृत्तीतून तुमचं पान काढणं योग्य आहे का, हे मला माहीत नाही. गोष्टीतलं एकही पान काढण्यासारखं नव्हतं, एवढंच माहीत आहे. ते तुम्हीच तसं लिहिलं होतं.

संघमित्राला विचारलं. तिने कच्ची प्रत चाळली. मग म्हणाली, "आईचं पान काढा. पण शेवटी माणूस येतो, ते पान काढू नका."

तेव्हा आता असं आहे. पान दहावर चार ओळी. पान अकरावर कार्यालयातला माणूस म्हणतो, "नोंद केली. माणूस पाठवतो." पान उलटलं की नवं पान: "माणूस आला नाही. चिमीने पुन्हा फोन केला. आता आजी पण बोलली." आणि त्याच्या पुढच्या पानावर शिडी. तुम्ही सुचवलेला तुमचा नंबर छापलेला नाही. चौकट रिकामी आहे. नवं पान आणि रिकामी चौकट, या दोन्हींना तुमची संमती नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. कच्ची प्रत वाचून घ्यायला परवा एका शाळेत गेलो होतो. मुलीच्या मागे बसलो. 'आला नाही' या शब्दांपाशी ती थांबली. श्वास घेतला, पण अडखळली नव्हती. पान पटकन उलटून पुढे बघत होती. रेघ मारली नाही.

आज सकाळी आप्पांचा फोन आला. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा आहे, विहिरीवरचं लोखंडी झाकण पुरात वाहून गेलं आहे, बायका आणि पोरं तिथूनच पाणी भरतात. गावाचं नाव आप्पांनी दोनदा सांगितलं. मग म्हणाले, "काय करू? त्याला काय सांगू?"

मी म्हणालो, त्याला सांगा, विहिरीजवळ जाऊ नको आणि घरातल्या मोठ्या माणसाला फोन दे. त्या पाड्याच्या ग्रामसेवकांचा नंबर संघमित्राने तुमच्या फोनमधून काढून दिला. पहिल्यांदा लावला तेव्हा कोणी उचलला नाही. दुपारी उचलला. ते म्हणाले, "बघतो." मी विचारलं, कधी बघता, कोण जाणार, तोपर्यंत झाकणाच्या जागी काय ठेवता. त्यांनी विचारलं, आपण कोण बोलता. मी नाव सांगितलं. कोणत्या पेपरचे? कोणत्याच नाही, म्हणालो. फोन ठेवला गेला.

पुन्हा लावला आहे. वाजतो आहे.